नवा पंप टाकूनही लिफ्ट पुन्हा बसते? हायड्रॉलिकचं दुखणं कुठं शोधायचं

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला नवा पंप टाकला की काही दिवस लिफ्ट, म्हणजे ऑइलच्या दाबानं औजार उचलणारी यंत्रणा, झोकात चालते. रोटाव्हेटर बांधावर टुणकन उचलतो, ट्रॉली पालथी होते, मालक खूश. मग एके दुपारी चार-पाच एकर रान झाल्यावर औजार अर्ध्यावरच थांबतं. लिव्हर वर ओढला तरी नुसता घुंईऽ आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड ट्रॅक्टर पुन्हा नीट उचलतो आणि ऊन चढलं की पुन्हा तेच. "मिस्त्री, पंप डुप्लिकेट दिला काय?" हा त्यानंतरचा ठरलेला फोन.

डुप्लिकेट पंप बाजारात नाहीत असं नाही. पण ज्या ट्रॅक्टरला दर हंगामाला नवा पंप लागतो, त्याच्याबाबत माझं मत ठाम आहे: तिथं पंप आपल्या मरणानं मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. मारेकरी टाकीत, सक्शन पाइपात (टाकीतून पंपाकडं ऑइल ओढणारा पाइप) नाहीतर रिलीफ व्हॉल्वमध्ये (दाब ठरलेल्या आकड्यापुढं गेला की ऑइल सोडून देणारा व्हॉल्व) बसलेला असतो आणि आपण त्याच्या तोंडी आणखी एक पंप देतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करायच्या. पंप खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर कशानं?

पंप कोणत्या जातीचा, ते आधी बघा

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना गिअर पंप असतो. ॲल्युमिनियमच्या बॉडीत एकमेकांत अडकलेले दोन गिअर, त्यांच्या दोन्ही बाजूंना बुश किंवा प्लेटा, आणि शाफ्टला सील. बऱ्याच मॉडेलांत तो इंजिनच्या टायमिंग गिअरवर फिरतो, बाहेरून दिसतो आणि मोजक्या बोल्टांवर सुटतो.

मॅसी फर्ग्युसन 1035 आणि त्याच्या घराण्याची गोष्ट वेगळी. तिथं हॅरी फर्ग्युसनच्या जुन्या पद्धतीचा चार पिस्टनचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये, ऑइलात बुडालेला असतो आणि पीटीओ शाफ्टवर (रोटाव्हेटरसारखं औजार फिरवणारा मागचा शाफ्ट) फिरतो. म्हणून या घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांवर पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला राहिला की लिफ्टसुद्धा बंद. पंप गेला म्हणून आलेला माणूस लिव्हर टाकून हसत परत गेल्याचं आमच्या गॅरेजला नवल नाही. हा पंप काढायचा तर वरचं लिफ्ट कव्हर उतरवायचं, पीटीओ शाफ्ट मागं ओढायचा, मग पंप वर घ्यायचा. ते काम शेतात बसून करू नका. खाली जे लिहितोय ते मुख्यतः गिअर पंपाबद्दल आहे, पण घाण, पाणी आणि चुकीचं ऑइल यांना दोन्ही जातींचे पंप सारखेच बळी पडतात.

लक्षणं काय सांगतात

थंडीत उचलतो आणि गरम झाल्यावर उचलत नाही, हे झिजलेल्या पंपाचं सगळ्यात जुनं लक्षण. थंड ऑइल जाड असतं, गिअर आणि बॉडीतल्या फटीतून सहजी मागं सरकत नाही. तेच ऑइल तापून पातळ झालं की पंप ढकलतो त्यातलं बरंचसं आतल्या आतच परत फिरतं. रेस (इंजिनचा वेग) वाढवली की लिफ्ट उचलते आणि रेस सोडली की थांबते, यामागंही हेच कारण.

पण इंजिन बंद करून औजार वर ठेवलं आणि ते पाच-दहा मिनिटांत जमिनीला टेकलं, तर पंपाला दोष देऊ नका. इंजिन बंद असताना पंप कामच करत नाही. औजार धरून ठेवणं हे रॅमच्या (ऑइलच्या दाबानं उचलणारा सिलिंडर) सीलचं आणि लिव्हरनं चालणाऱ्या कंट्रोल व्हॉल्वचं काम. इंजिन चालू असताना औजार थोडं खाली येतं, पुन्हा वर जातं, मान डोलावल्यासारखं करतं, तेव्हाही गळती तिथंच शोधा. अशा ट्रॅक्टरात नवा पंप टाकून पैसे घालवलेले लोक मी पाहिलेत. डोलणं काही थांबत नाही, फक्त जोरात डोलतं.

औजार अजिबात हलत नाही आणि पंपाचा आवाजही येत नाही, तर पंपाचं कपलिंग तुटलंय का, रिलीफ व्हॉल्व उघडाच अडकलाय का, हे आधी बघा. आवाज येतो, पण तो कर्कश किंचाळल्यासारखा येतो आणि टाकीत फेस दिसतो, तर पंप हवा ओढतोय. तशी हवा ओढत राहिलात तर चांगला पंपही लवकर जाईल.

एक लक्षण लोक हमखास चुकवतात. हायड्रॉलिकचं ऑइल कमी होतंय, खाली मात्र थेंब नाही, आणि इंजिनच्या ऑइलची पट्टी काढली तर पातळी वर चढलेली. पंप टायमिंग गिअरवर असेल तर शाफ्टचं सील फाटून ऑइल इंजिनात चाललंय. असा ट्रॅक्टर एक दिवसही चालवू नका. पंप बदलताना इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टरही बदला, कारण तिथं आता दोन ऑइलांची खिचडी झालेली असते.

ट्रॉलीवर करायची चाचणी

गेज नसेल तर टिपिंग ट्रॉलीपेक्षा चांगलं मापयंत्र गावात मिळत नाही. साध्या रॅमचा व्यास 100 मिमी आणि स्ट्रोक 1 मीटर असेल तर तो पूर्ण वर जायला जवळपास 8 लिटर ऑइल लागतं. पंपाच्या एका फेऱ्याला 8 सीसी ऑइल निघत असेल आणि पंप 2000 फेऱ्यांनी फिरत असेल तर मिनिटाला 16 लिटर. म्हणजे ट्रॉली साधारण अर्ध्या मिनिटात वर जायला हवी. पंपाचे फेरे आणि इंजिनचे फेरे सारखेच असतील असं नाही, ते गिअरच्या प्रमाणावर ठरतं. पंपाचे सीसी त्याच्या प्लेटवर किंवा पार्टबुकात मिळतात. ट्रॉलीला टेलिस्कोपिक (एकातून एक टप्पे बाहेर येणारा) रॅम असेल तर हा साधा हिशोब लागू होत नाही. तरी पुढची तुलना लागू होतेच.

आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. ट्रॅक्टर तासभर कामावर चालवून ऑइल चांगलं गरम होऊ द्या. सपाट, टणक जागेवर रिकामी ट्रॉली ठरावीक रेसवर उचला आणि मोबाइलवर वेळ मोजा. मग त्याच रेसवर भरलेली ट्रॉली उचला. पंप ठणठणीत असेल तर दोन्ही वेळांत फारसा फरक पडत नाही, कारण गिअर पंप एका फेऱ्याला ठरलेलं ऑइल ढकलतो, समोर ओझं किती हे तो विचारत नाही. झिजलेल्या पंपाचं तसं नसतं. रिकामी ट्रॉली चटकन जाते आणि भरलेली रखडत, कण्हत जाते, कारण दाब वाढला की फटीतून मागं पळणारं ऑइलही वाढतं. रॅमच्या सीलमधून किंवा व्हॉल्वमधून गळती असली तरी असंच दिसू शकतं. म्हणून अर्ध्यावर लिव्हर न्यूट्रलला आणून बघा. ट्रॉली जागच्या जागी उभी राहिली तर रॅम आणि व्हॉल्व ठीक, संशय पंपाकडं वळवा. खाली येऊ लागली तर आधी तिकडचं काम.

वर उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा औजाराखाली डोकं घालायचं नाही, टेकूशिवाय तर नाहीच. होजला बारीक भोक असेल तर ते बोटानं शोधायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधायचं. 150-200 बार दाबाची ऑइलची धार कातडी फोडून आत शिरते. वर सुईएवढं छिद्र दिसतं आणि आत बोट सडू लागतं. असं झालं तर दुखो न दुखो, तडक दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा की दाबाचं ऑइल आत गेलंय.

गेज लावायची सोय असेल तर

बाहेरच्या पोर्टला (ट्रॉलीचा होज लावायचं तोंड) 250 बारपेक्षा मोठं, ग्लिसरीन भरलेलं गेज लावा. लिव्हर ओढून धरा, आकडा वाचा, लगेच सोडा. बहुतेक शेतीच्या ट्रॅक्टरांचा रिलीफ 150 ते 200 बारच्या दरम्यान सेट असतो. तुमचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. ऑइल गरम करून हेच आधी कमी रेसवर, मग जास्त रेसवर करा.

दाब कमी रेसवर खूप पडतो आणि रेस वाढवली की चढतो, तर पंप झिजलाय. दाब कमी आहे, पण रेस कितीही बदलली तरी आकडा तिथंच अडून राहतो, तर पंपाला हात लावू नका. तो रिलीफ व्हॉल्व आहे. स्प्रिंग थकलीय, बॉलखाली कचरा अडकलाय किंवा सीट खराब आहे. दाब दोन्ही वेळा बरोबर येतो आणि तरी औजार उचलत नाही, तर एक तर लिफ्टच्या रॅममध्ये गळती आहे, नाहीतर औजारच ट्रॅक्टरच्या औकातीपेक्षा जड आहे. कंपनी उचलक्षमता लिंकच्या (औजार जोडायच्या मागच्या दांड्या) टोकाला मोजून सांगते. प्रत्यक्षात औजाराचं वजन लिंकच्या बरंच मागं पडतं. म्हणूनच चाचणीच्या पद्धतीत लिंकच्या टोकाशिवाय 610 मिमी मागं धरूनही क्षमता मोजतात, आणि तिथला आकडा कमीच येतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा तुमच्या मॉडेलचा चाचणी अहवाल मिळाला तर हायड्रॉलिकचं पान जरूर वाचा. जाहिरातीपेक्षा ते कामाचं आहे.

पंप आणि रिलीफ व्हॉल्व यांच्या मधली लाइन बंद करून दाब बघायचा प्रयोग कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या लाइनीत दाबाला सुटायला जागाच नसते. आधी बॉडी फुटते.

काढलेला पंप भंगारात टाकू नका, उघडा

इथंच खरं उत्तर असतं, आणि नेमका हाच पंप लोक दुकानदाराला देऊन टाकतात. वॉरंटीत असेल तर उघडू नका, सील तुटलं की क्लेम गेला. वॉरंटी संपली असेल तर कव्हरचे बोल्ट काढून बॉडी, गिअर आणि प्लेटा डिझेलनं धुवा आणि उन्हात धरून बघा.

बॉडीच्या आत सक्शनच्या बाजूला गिअरच्या दातांनी घासलेला हलका, गुळगुळीत पट्टा दिसेल. तो नव्या पंपातही पडतो, दाब गिअरांना तिकडं ढकलतो म्हणून. नखाला लागत नसेल तर तो दोष नाही. पट्टा खोल असेल, नख अडकत असेल, तर एक तर पंपावर प्रमाणाबाहेर दाब पडलाय किंवा बुश झिजून गिअर खाली बसलेत.

प्लेटांवर आणि बॉडीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल रेघा असतील तर ऑइलात घाण होती. माती, वेल्डिंगचा कण, जुन्या पंपाचा चुरा, काहीही असेल. प्लेटांवर मुंग्यांनी पोखरल्यासारखी बारीक खळगी असतील तर पंपानं हवा ओढली किंवा त्याला ऑइल पुरेसं मिळालं नाही. निळसर-तपकिरी डाग आणि कडक होऊन तडकलेलं रबर दिसलं तर पंप तापून गेलाय. दातांवर आणि शाफ्टवर तांबूस गंजाचे ठिपके असतील तर पाणी. शाफ्टचे खाचे एकाच बाजूनं खाल्ले गेले असतील तर कपलिंग सरळ रेषेत नव्हतं.

टाकीच्या जाळीत आणि फिल्टरमध्ये काय सापडतं, तेही बघा. फिल्टरचा कागद कापून उलगडा आणि चुऱ्यावर चुंबक फिरवा. चिकटला तो पोलाद, गिअर किंवा बेअरिंगचा. न चिकटणारी रुपेरी चमक ॲल्युमिनियमची, म्हणजे पंपाची बॉडी. पिवळसर चुरा बुशचा, किंवा गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असेल तर गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगचाही असू शकतो.

बॉडीत खोल पट्टा पडलेला असताना नुसतं सील किट टाकून पंप "रिपेअर" करून देणारे आहेत. असा पंप कांदा लागवडीत बसवला तर काढणीपर्यंत टिकत नाही. सील किट चालतं ते फक्त शाफ्टचं सील गळतंय आणि आत सगळं गुळगुळीत आहे तेव्हा.

मारेकरी: हवा, घाण, पाणी आणि वायसर (वॉशर)

हवा बहुतेकदा सक्शन पाइपाच्या जोडातून येते. या जोडातून ऑइल बाहेर गळत नाही, कारण आत ओढ असते. म्हणून वरून सगळं कोरडं दिसतं आणि पंप हवा पीत राहतो. किंचाळणाऱ्या पंपावर इंजिन हळू चालू ठेवून सक्शनच्या एकेका जोडावर घट्ट ग्रीस थापा. ज्या जोडावर ग्रीस लागताच आवाज बदलला, तोच जोड. तिथली ओ-रिंग चपटी होऊन पापडासारखी झालेली असते. सक्शनचा रबरी होज जुना असेल तर तो बाहेरून धडधाकट आणि आतून सोललेला असू शकतो. ऑइल गरम झालं की आतला पापुद्रा वाट अडवतो, म्हणूनही दुपारीच त्रास होतो.

ट्रॉलीचा हवेशी असलेला संबंध फार कमी लोक लक्षात घेतात. वर सांगितलेलं 8 लिटर ऑइल टाकीतूनच जातं. आधीच पातळी दोन-तीन लिटरनं कमी असेल, ट्रॅक्टर चढावर असेल आणि ट्रॉली पूर्ण वर गेली असेल, तर सक्शनचं तोंड उघडं पडतं. पातळी नेहमी ट्रॉली खाली, लिफ्ट खाली, ट्रॅक्टर सपाटीवर ठेवून बघायची.

घाणीचंही ट्रॉलीशीच सूत आहे. आमच्या ऊसपट्ट्यात एक ट्रॉली चार ट्रॅक्टरांना लागते. प्रत्येक वेळी होज सुटतो, त्याच्या टोकाचा कपलर (जोडायचा तुकडा) धुळीत लोळतो, टोपण कधीच हरवलेलं असतं आणि फडकं मारून पुन्हा लावला जातो. शिवाय रॅममधलं ऑइल खाली येताना तुमच्या टाकीत येतं. म्हणजे ज्यानं ट्रॉली आधी वापरली त्याचं काळं ऑइल, त्याचं पाणी, त्याच्या मेलेल्या पंपाचा चुरा, सगळं तुमच्या घरात.

गोदाकाठच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरात हेच चाललं होतं. दर हंगामाला पंप जात होता. प्रत्येक वेळी चांगल्या दुकानातून, बिलासकट घेतलेला. काढलेल्या पंपाच्या प्लेटांवर त्या गोल रेघा इतक्या स्पष्ट होत्या की बोट फिरवल्यावर कळत होत्या. टाकीची जाळी धुतलेली, फिल्टर नवा. मग ट्रॉलीचा होज सोडून ट्रॉलीकडचं ऑइल पांढऱ्या ताटलीत उतरवलं. तळाला वाळू बसली आणि वर चंदेरी तवंग. ट्रॉली भावकीत फिरत होती आणि भावकीतल्या आणखी एका ट्रॅक्टरची लिफ्टही "जरा सुस्त" होती. रॅम उघडून धुतला, होज आतून साफ केला, दोन्ही कपलरांना टोपणं लावली, मग पंप बसवला. ट्रॉली देऊ नका असं मी कुणाला सांगत नाही, भावकीत तसं चालतही नाही. पण कपलरला टोपण लावा आणि बाहेरून आलेल्या ट्रॉलीचं जुनं ऑइल एकदा उतरवून घ्या, एवढं सांगायला कुणाच्या घरचं जात नाही.

आणखी एक घाण गॅरेजवालेच घालतात. कॉटन वेस्टनं टाकी पुसायची. तिचे धागे जाळीवर जाऊन बसतात आणि पंपाचा घसा आवळतात. टाकी आणि पोर्ट पुसायला धागे न सोडणारं, धुतलेलं सुती फडकं वापरा. ऑइल भरायचं नरसाळं गोठ्यात टांगलेलं असेल तर आधी ते धुवा.

पाणी शोधणं सगळ्यात सोपं. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर दुसरा पुरावा नको. शंका असेल तर टाकलेल्या जुन्या तव्यावर, बाहेर मोकळ्यात, थोडं ऑइल गरम करा. तडतडलं तर पाणी आहे. ऑइलला ज्वाला लागू देऊ नका आणि धूर नाकात घेऊ नका. भात पिकवणाऱ्या भागात, म्हणजे भंडारा-गोंदियाकडं, मावळात, कोकणात, चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टर ॲक्सलपर्यंत पाण्यात असतो आणि जुन्या ॲक्सल-सीलमधून पाणी आत जातं. इकडं कोरडवाहूत ते गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरी बूटमधून पावसात आत झिरपतं, नाहीतर ब्रिदरवर (हाउसिंगला हवा जायचं तोंड) प्रेशर वॉशरचा फवारा मारल्यानं. बूट शंभर-दोनशे रुपयांचा असेल, पण तो कुणी बदलत नाही. दुधाळ ऑइल काढून नुसतं नवं भरलं तर कोपऱ्यांत राहिलेलं पाणी नव्यालाही दुधाळ करतं. पहिलं स्वस्तातलं भरण धुण्यासाठीच धरा: भरा, थोडं चालवा, गरम असतानाच उतरवा, मग चांगलं भरा.

ऑइलच्या ग्रेडबद्दल वाद घालायला मला वेळ नाही. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच. ऑइलात बुडालेले ब्रेक असतील तर तिथं ऑइल बदलून शहाणपणा केला की ब्रेकही ओरडतात आणि पंपही. वर टाकायला म्हणून इंजिन ऑइल ओतायची सवय सोडा.

आता वायसर. औजार जड आहे, लिफ्ट उचलत नाही, म्हणून कुणीतरी रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगखाली वायसर सरकवतो. लिफ्ट लगेच जोमात येते आणि मिस्त्रीचं नाव होतं. दाब किती चढलाय हे मात्र गेजशिवाय कुणालाच माहीत नसतं. पंपाच्या बॉडीतला तो खोल पट्टा, सीलं बाहेर फेकली जाणं, होज फुटणं, हे त्याचे पुढचे हप्ते. जुना ट्रॅक्टर विकत घेतला असेल तर रिलीफ एकदा उघडून वायसर मोजाच. असाच दुसरा सल्ला म्हणजे जास्त लिटरचा पंप टाकायचा. मोठ्या पंपानं लिफ्ट लवकर उठेल, पण उचलायची ताकद दाबावर आहे, लिटरवर नाही. उलट जुन्या सक्शन पाइपातून त्याला पुरेसं ऑइल मिळत नाही आणि तोही खळगी पडून जातो.

रिलीफ सतत उघडा राहणंही तितकंच वाईट. औजार पूर्ण वर गेल्यावर पंपाचा आवाज शांत व्हायला हवा. लिव्हर सगळ्यात वर असताना किर्रर्र आवाज चालूच राहिला आणि लिव्हर किंचित खाली घेताच थांबला, तर पोझिशन कंट्रोलची (औजार लिव्हरच्या जागेप्रमाणं थांबवणारी) लिंकेज जुळवून घ्यावी लागेल. तोवर लिव्हर शेवटच्या खाचेत ठेवू नका. तशा अवस्थेत पंप मिनिटामिनिटाला ऑइल तापवत असतो, काम काहीच करत नाही.

बसवताना

नवा पंप बॉक्समधून काढला की जुन्याशेजारी ठेवा. सीसी, शाफ्टचे खाचे, पोर्टांची मापं आणि फिरण्याची दिशा. दिशा चुकली तर सक्शनच्या जागी दाब येतो आणि शाफ्टचं सील पहिल्या मिनिटात बाहेर येतं. दिशा शाफ्टच्या टोकाकडून बघायची असते. पंपावरचा बाण बघा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

टाकी उतरवून धुतली, जाळी काढून साफ केली, फिल्टर नवा घेतला, सक्शन आणि प्रेशर दोन्ही जोडांच्या ओ-रिंग नव्या, ऑइल लावून बसवल्या. जुनी ओ-रिंग "चांगली दिसतेय" म्हणून परत बसवणं हा या कामातला सगळ्यात महाग कंजूषपणा आहे. जोडांवर सिलिकॉन थापू नका, जादा आत गळून जाळीवर जातं. थ्रेडवर टेफ्लॉन टेपही नको, त्याच्या चिंध्या व्हॉल्वमध्ये अडकतात. शाफ्टवर किंवा कपलिंगवर हातोडी मारायची नाही. पंप हातानं आपल्या जागी बसायला हवा. बसत नसेल तर काहीतरी तिरकं आहे, बोल्ट आवळून ते सरळ होत नाही. बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे, पुस्तिकेतल्या टॉर्कला.

पाइप जोडण्याआधी पंपाच्या सक्शन तोंडातून स्वच्छ ऑइल ओता आणि शाफ्ट हातानं फिरवा. कोरडा पंप सुरू झाला तर पहिल्याच मिनिटात प्लेटांवर ओरखडे उठतात. मग टाकी भरा, इंजिन सुरू करून हळू रेसवर ठेवा, औजार नसताना लिव्हर सावकाश वर-खाली करत राहा. आधी फुसफुस आणि धक्के येतील, ती हवा आहे. पाच-सात मिनिटांत आवाज सारखा व्हायला हवा. झाला नाही तर रेस वाढवून बघायची नाही, इंजिन बंद करून सक्शन पुन्हा तपासायचं. नंतर पातळी पुन्हा बघा, फिल्टर आणि पाइपांनी थोडं ऑइल खाल्लेलं असतं. पहिले काही तास हलकं काम, मग रोटाव्हेटर. साधारण 50 तासांनी फिल्टर बदला, कारण जुन्या पंपाचा उरलेला चुरा याच दिवसांत तिथं येऊन अडकतो. तो जुना फिल्टरही कापून बघा. थोडी चमक दिसली तर चालेल, पण चुरा भरपूर असेल तर कुठला तरी होज किंवा रॅम धुवायचा राहिलाय.

जोडणी झाल्यावर गरम ऑइलवर तीच ट्रॉली, तीच रेस, आणि लागलेला वेळ मडगार्डच्या आतल्या बाजूला पेंटनं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी वेळ दीडपट झाला तर लिफ्ट बसायची वाट न बघता फिल्टर आणि सक्शन उघडता येतं.

हे सगळं करूनही सक्शनचे बाहेरचे जोड कोरडे आहेत, पातळी बरोबर आहे आणि तरी पंप किंचाळतो, असं कधी कधी होतं. तेव्हा हाउसिंगच्या आतला पाइप बघावा लागतो. काही मॉडेलांत सक्शनचा काही भाग लिफ्टच्या हाउसिंगमधूनच जातो आणि तिथल्या जोडाची ओ-रिंग किंवा पाइपाला गेलेला केसाएवढा तडा बाहेरून दिसत नाही. लिफ्ट कव्हर उतरवल्याशिवाय तो सापडत नाही. कव्हर क्रेननं किंवा चेनपुलीनंच उतरवा. दोन माणसांनी हातांवर उचलायचं ते वजन नाही.